नवा कोरा पीसी, स्क्रीनवर ९५ अंश! प्रोसेसर खरंच तापलाय की आकडाच फसवतोय?

पुण्याच्या बाजारातून जोडून घेतलेला नवा पीसी भोरला घरी येतो. विंडोज सुरू होतं. मित्राने सांगितलं म्हणून तापमान दाखवणारं एक सॉफ्टवेअर टाकलं जातं आणि समोर लाल रंगात आकडा येतो, ९५ अंश सेल्सिअस. तेही एकही प्रोग्रॅम उघडलेला नसताना. पुढचा अर्धा तास यूट्यूबवर जातो. एक व्हिडिओ सांगतो प्रोसेसर जळणार, दुसरा सांगतो काही होत नाही. दुकानदाराला फोन लावला की उत्तर ठरलेलं असतं, ‘घेऊन या, बघतो.’

‘घेऊन या’ म्हणणं सोपं आहे. भोर पुण्यापासून साधारण ५० किलोमीटर. वेल्हे, म्हणजे कागदोपत्री आता राजगड तालुका, तिथून तर आधी नसरापूर गाठायचं आणि मग हायवेला लागायचं. कॅबिनेट मांडीवर घेऊन एसटीने स्वारगेट, तिथून रिक्षा, आणि परतीचा तोच प्रवास. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्याचा किंवा सेवा केंद्र चालवणाऱ्याचा अख्खा दिवस बुडतो. दुकानात पोचल्यावर पीसी ४५ अंश दाखवतो आणि दुकानदार म्हणतो, ‘काही प्रॉब्लेम नाही.’

हा हेलपाटा बऱ्याचदा वाचू शकतो. त्यासाठी आकडा किती आहे यापेक्षा तो कसा वागतोय हे पाहावं लागतं.

आकडा येतो कुठून?

प्रोसेसरच्या सिलिकॉनमध्येच छोटे सेन्सर असतात. इंटेलच्या प्रोसेसरमधला सेन्सर ‘आत्ता ६२ अंश आहे’ असं थेट सांगत नाही. कमाल मर्यादेपासून आपण किती अंश खाली आहोत, एवढंच तो सांगतो. मर्यादा १०० असेल आणि सेन्सर म्हणाला ३८ खाली, तर सॉफ्टवेअर वजाबाकी करून ६२ दाखवतं. हा सेन्सर मर्यादेजवळ अचूक असतो, खाली खाली जाताना त्याची अचूकता कमी होते. कारण त्याचं काम प्रोसेसर वाचवणं आहे, हवामान खात्याला मदत करणं नव्हे. त्यामुळे रिकाम्या पीसीवर ३१ दिसतात की ३६, यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

एएमडीची गोष्ट थोडी वेगळी. २०१७ मध्ये रायझन बाजारात आलं तेव्हा १७००एक्स आणि १८००एक्स हे प्रोसेसर खऱ्या तापमानापेक्षा २० अंश जास्त सांगत होते. ती चूक नव्हती, पंख्यांचं नियंत्रण सगळ्या मॉडेलांना सारखं राहावं म्हणून कंपनीनेच घातलेली वाढ होती. पण ते माहीत नसलेल्यांनी तेव्हा कूलर काढून पुन्हा पुन्हा बसवले. जुन्या बाजारातून असा प्रोसेसर घेऊन नवा पीसी जोडणारे आजही आहेत. जुनं सॉफ्टवेअर वापरलं तर त्यांना तोच वाढीव आकडा दिसू शकतो.

याशिवाय मदरबोर्डवरही स्वतंत्र सेन्सर असतात. गोंधळ खरा तिथे सुरू होतो. बोर्डवरच्या चिपला अनेक सेन्सर जोडायची सोय असते, पण कंपनी त्यातले काहीच जोडते. न जोडलेल्या जागेवरचा आकडा सॉफ्टवेअर तरीही वाचतं आणि १२७ अंश किंवा उणे काहीतरी दाखवतं. यादीत ‘ऑक्स’ असं नाव असलेली आणि १२७ वर गोठलेली ओळ दिसली तर तिच्याकडे दुर्लक्ष करा. काही बोर्डांवर एक ओळ कायम २७.८ अंश दाखवते. मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या खोलीतसुद्धा २७.८! हा आकडा मोजलेला नसून बायोसमध्ये भरून ठेवलेला असतो.

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये दिसणारं तापमान ग्राफिक्स कार्डचं असतं, प्रोसेसरचं नव्हे. प्रोसेसरसाठी एचडब्ल्यूइन्फोसारखं मोफत सॉफ्टवेअर घ्या, त्याचं सगळ्यात नवीन व्हर्जन घ्या आणि त्यात इंटेल असेल तर ‘सीपीयू पॅकेज’, एएमडी असेल तर ‘टीडाय’ किंवा ‘टीसीटीएल’ हीच ओळ बघा. बाकीच्या तीस ओळी सध्या विसरा.

किती म्हणजे जास्त?

इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश आहे. रायझन ५ ५६०० ची ९०, तर ५६००जी आणि ७६०० यांची ९५. रायझन ७००० मालिका आली तेव्हा एएमडीने उघडच सांगितलं होतं की जड कामात तिचे वरचे मॉडेल ९५ अंशांपर्यंत जाणार आणि तिथेच राहणार, कारण त्यांची रचनाच तशी आहे. म्हणजे त्याच ९५ अंशांचा अर्थ एका पीसीवर ‘सगळं ठीक’ असा होतो आणि दुसऱ्यावर ‘कूलर बसलेला नाही’ असा. व्हिडिओंमधले सल्ले एकमेकांशी भांडतात ते यामुळेच.

मर्यादा गाठली की प्रोसेसर लगेच जळत नाही. तो आधी स्वतःचा वेग कमी करतो. तरीही तापमान वाढत राहिलं तर पीसी स्वतःहून बंद होतो. खरं नुकसान असतं ते कामाचं. पैसे मोजले सहा कोअरचे आणि काम मिळतंय निम्म्या वेगाचं. किंवा दोन तासांचा व्हिडिओ एक्स्पोर्ट शेवटच्या दहा मिनिटांत बंद पडतो आणि सकाळी गिऱ्हाईक दारात.

आणखी दोन गोष्टींनी लोक उगाच घाबरतात. एक, बायोसच्या स्क्रीनवर ५०-५५ अंश दिसणं. तिथे प्रोसेसर वीज वाचवण्याच्या अवस्थेत जात नाही, त्यामुळे विंडोजपेक्षा जास्त आकडा दिसणं स्वाभाविक आहे. दुसरी, रायझनवर रिकामं असताना आकडा ४० वरून एकदम ५५ आणि पुन्हा ४० होणं. माउस हलवला, एखादी टॅब उघडली की एक कोअर क्षणभर पूर्ण वेगाने धावतो, त्याची ती उडी आहे.

तपासणी: एक रात्र आणि दहा मिनिटं

पीसी रात्रभर बंद ठेवा. सकाळी चालू करून लगेच सॉफ्टवेअरमधला आकडा पाहा. शेजारी साधं थर्मामीटर असेल तर उत्तम. रात्रभर थंड झालेला प्रोसेसर सुरुवातीला खोलीपेक्षा साधारण ५ ते १५ अंश वर असायला हवा. खोलीपेक्षा कमी आकडा दिसला तर तो खोटा, कारण हवेने थंड होणारी कुठलीही वस्तू त्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. आणि सुरू होताक्षणीच ९५ वर असेल, हलतच नसेल, तरीही संशय आकड्यावरच घ्या.

आकडा हलत असेल तर प्रोसेसरला काम द्या. त्यासाठी मोठी फाइल डाउनलोड करायची गरज नाही. पानशेतच्या वर किंवा तोरण्याच्या पायथ्याच्या गावांत नेटवर्कची काय अवस्था असते हे तिथल्यांना सांगायला नको. सेव्हन-झिप हे काही एमबींचं सॉफ्टवेअर बहुतेकांकडे आधीच असतं, त्याच्या टूल्स मेन्यूमध्ये बेंचमार्क आहे. तो दहा मिनिटं चालवा. मात्र रिकामं असतानाच आकडा ९० च्या आसपास हलत असेल तर ही चाचणी करू नका, थेट पुढच्या भागावर या.

आता घड्याळ बघा. सुरुवातीला १५-२५ अंशांची उडी आणि मग काही मिनिटं हळूहळू चढ, ही निरोगी चाल. तीन-चार सेकंदांत थेट मर्यादेवर आणि काम थांबवताच तितक्याच वेगाने खाली, ही कूलर आणि प्रोसेसरचा नीट स्पर्श नसल्याची खूण. पहिली पाच मिनिटं सगळं ठीक आणि नंतर पंधरा-वीस मिनिटांत सावकाश ९० पार, तर गडबड हवेची आहे.

दुसरी साक्ष हाताची. आकडा ९५ असताना पीसी बंद करा, पंखा थांबू द्या आणि कूलरच्या धातूला बोट लावून बघा. धातू चांगलाच गरम असेल तर उष्णता कूलरपर्यंत पोचतेय, ती पुढे बाहेर जात नाहीये. धातू थंडगार असेल तर एक तर उष्णता पोचतच नाही किंवा आकडा खोटा आहे. या दोघांतला फरक वेगावरून कळतो. एचडब्ल्यूइन्फोमध्ये कोअरचा वेगही दिसतो. उदाहरणार्थ, इंटेल आय५ १२४०० चा मूळ वेग २.५ गिगाहर्ट्झ आणि कमाल ४.४ आहे. जड कामातही तो ४ च्या आसपास टिकून असेल आणि कूलर थंड असेल, तर ९५ वर विश्वास ठेवू नका. वेग धाडकन खाली आला असेल तर ताप खरा आहे.

सेकंदात चढणारा ताप

नव्या पीसीत सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण ऐकून हसू येईल. कूलरच्या तळाला चिकटवलेली पारदर्शक फिल्म काढायचीच राहिलेली असते. ती वेगळ्या विकत घेतलेल्या कूलरवर असते, आणि बऱ्याचदा तिच्यावर ‘वापरण्यापूर्वी काढा’ असं लिहिलेलंही असतं.

दुसरं कारण इंटेलच्या डब्यात येणाऱ्या कूलरच्या चार पिना. त्या बोर्डच्या भोकांत दाबून ‘टक’ असा आवाज येईपर्यंत बसवायच्या असतात, समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या जोडीने. चारपैकी एक अर्धवट राहिली तरी वरून सगळं ठीक दिसतं. खात्री करायची तर कॅबिनेटची मागची बाजू उघडून बोर्डच्या पाठीवर बघावं लागतं, चारही पिना सारख्याच बाहेर आल्यात का.

आणि इथे भोर-वेल्ह्याचा रस्ता गोष्टीत येतो. पुण्यातल्या दुकानात तपासलेला पीसी घरी येऊन का तापतो, याचं एक साधं उत्तर आहे. कॅबिनेट उभं असताना कूलर बोर्डवरून आडवा लटकत असतो. बाहेरचा टॉवर कूलर असेल तर त्याचं वजन अर्ध्या किलोपासून किलोपर्यंत जातं. एसटीच्या टपावर, टेम्पोत किंवा दुचाकीवर दोघांच्या मध्ये, खड्ड्यांतून दीड-दोन तास ते वजन त्या चार पिनांना किंवा स्क्रूंना हिसके देतं. अर्धवट बसलेली पिन वाटेत सुटते. पूर्ण सुटली तर कूलर लोंबकळताना दिसतो आणि निदान तरी होतं. पण अर्धा मिलिमीटर उचलला गेला तर डोळ्यांना काहीच कळत नाही.

अर्ध्या मिलिमीटरने काय होतं? मीटर-केल्विनमागे वॅट या एककात हवेची उष्णता वाहून न्यायची क्षमता ०.०२६ आहे आणि तांब्याची सुमारे ४००. थर्मल पेस्ट या दोघांच्या मध्ये कुठेतरी, चांगली असेल तर ४ ते ८ च्या घरात. म्हणजे पेस्ट ही काही जादू नाही, तांब्यापुढे ती फारच कमी पडते. पण हवेपेक्षा ती शेकडो पट बरी. दोन धातूंमधली हवा बाहेर ढकलणं एवढंच तिचं काम. म्हणून मटारच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते. जाड थर दिला म्हणून जास्त थंड होत नाही. आणि कूलर एकदा उचलला की जुनी पेस्ट पुसून नवीनच लावावी लागते. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड. टूथपेस्टचा प्रयोग यूट्यूबवरच राहू द्या, ती काही दिवसांत वाळते.

रायझन ५००० मालिकेपर्यंतचा एएम४ सॉकेटचा प्रोसेसर असेल तर एक काळजी घ्या. त्याच्या पिना प्रोसेसरला असतात आणि वाळलेली पेस्ट घट्ट धरते. कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी पीसी थोडा वेळ चालवून पेस्ट मऊ होऊ द्या, बंद करून प्लग काढा, मग कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. हात थरथरत असतील तर हे काम भोरमधल्याच एखाद्या रिपेअरिंगवाल्याकडून करून घेतलेलं बरं, पुण्यापर्यंत जायची गरज नाही.

सावकाश चढणारा ताप

यात प्रोसेसरचा दोष क्वचितच असतो. कूलर फक्त खोलीच्या हवेत उष्णता टाकू शकतो. त्यामुळे ढोबळ हिशेब असा, की खोली जितके अंश तापते तितकेच प्रोसेसरही वर सरकतो. जानेवारीत २२ अंशांच्या खोलीत जो पीसी ७० दाखवतो, तोच मे महिन्यात ३६ अंशांच्या खोलीत ८४ दाखवेल. काहीही बिघडलेलं नसताना. पत्र्याच्या छपराखाली दुकान असेल तर दुपारी दोन वाजताचा आकडा आणि रात्री दहाचा आकडा वेगळाच येणार. दोन्ही लिहून ठेवा, नाहीतर तुलना करता येत नाही.

कॉम्प्युटर टेबलचा तो बंद कप्पा हाही मोठा गुन्हेगार. कॅबिनेट बरोबर बसावं म्हणून केलेला असतो, आणि पीसी तिथे आपलीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढत बसतो. तपासायची पद्धत सोपी आहे. कॅबिनेट कप्प्यातून बाहेर काढा, बाजूचं झाकण उघडा आणि तीच दहा मिनिटांची चाचणी करा. आकडा ५-१० अंशांनी उतरला तर प्रोसेसर, कूलर, पेस्ट सगळं ठीक आहे. सुताराकडून कप्प्याची मागची फळी कापून घ्या. पुढे जाड काच आणि मागे एकच पंखा असलेली रंगीत दिव्यांची कॅबिनेटही याच जातीची.

हवा पुरत नाही हा प्रश्न मोठ्या मशिनांनाही सुटलेला नाही. पुण्यात पाषाणला आयसर संस्थेत बसवलेला परम ब्रह्म हा महासंगणक म्हणूनच थेट प्रोसेसरवरून द्रव फिरवून थंड केला जातो. घरच्या आय५ ला एवढ्याची गरज नाही. मात्र कुणी वॉटर कूलिंग घेतलंच असेल तर त्याच्या पंपाची वायर जोडलीय ना आणि पंप फिरतोय ना, हे बायोसमध्ये आधी बघा. पंखे फिरतात, दिवे लागतात आणि पंप बंद, असंही होतं.

पंख्याची वायरही अशीच फसवते. ती बोर्डवर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागीच हवी. शेजारच्या ‘सिस्टीम फॅन’वर लावली तर पंखा फिरतो, पण प्रोसेसर तापला म्हणून वेग वाढवेलच असं नाही.

बायोसमधली सेटिंग आणि पावसाळा

काही मदरबोर्ड कंपन्या पीसी वेगवान भासावा म्हणून प्रोसेसरला कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वीज घेऊ देतात. आय५ १२४०० च्या डब्यावर ६५ वॅट वाचून आपण डब्यातल्या कूलरवर भागवतो, पण जोर लावल्यावर त्याची अधिकृत मर्यादाच ११७ वॅट आहे. बायोसमध्ये इंटेलची मूळ मर्यादा निवडली की आकडा उतरतो आणि रोजच्या कामात फरक जाणवत नाही. तेराव्या-चौदाव्या पिढीच्या वरच्या इंटेल प्रोसेसरच्या बाबतीत तर बायोस अपडेट टाळूच नये. जास्त व्होल्टेजमुळे ते अस्थिर होत असल्याचं उघड झाल्यावर कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये त्यावरची दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली.

पण बायोस अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. जून ते सप्टेंबर वेल्ह्याच्या पट्ट्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. यूपीएस नसेल तर हे काम पावसाळ्यात करू नका, तापमान चार अंश जास्त राहिलं तरी चालेल.

विजेचाच दुसरा गैरसमजही आहे. ‘गावाकडे व्होल्टेज कमी म्हणून प्रोसेसर तापतो’ असं दुकानातही सांगितलं जातं. घरातलं व्होल्टेज कमी-जास्त झालं तरी एसएमपीएस आतल्या भागांना आणि पंख्यांना ठरलेले १२ व्होल्टच देतो. व्होल्टेज फारच पडलं तर पीसी बंद पडेल, पण ९५ अंशांचं कारण ते नव्हे. त्यापेक्षा फुकटात टाकून घेतलेलं क्रॅक विंडोज तपासा. काही करत नसताना प्रोसेसरचा वापर ६०-७० टक्के दिसत असेल तर मागे कुणीतरी तुमच्या विजेवर स्वतःची कमाई करतंय.

तरीही दुकानात जावंच लागलं तर

वॉरंटीचा प्रश्न बिलावर आणि डब्यावर येऊन थांबतो. इंटेल आणि एएमडीच्या डबाबंद प्रोसेसरला साधारण तीन वर्षांची वॉरंटी असते, सुट्या म्हणजे ट्रे प्रोसेसरला ती बहुधा कमी मिळते. म्हणून घेतानाच बिलावर मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्या. जाण्याआधी मोबाइलवर तीन फोटो काढा. पहिला, सकाळच्या थंड पीसीचा आकडा. दुसरा, दहा मिनिटांच्या चाचणीनंतर कमाल तापमान आणि वेग एकत्र दिसणारी स्क्रीन. तिसरा, खोलीतल्या थर्मामीटरचा. दुकानदाराला फोनवर हेच फोटो पाठवले तर तो कदाचित फक्त कूलर बदलून पाठवायला तयार होईल. दाद दिलीच नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

दुकानात चाचणी दहा मिनिटं करायला लावा, दोन मिनिटांवर समाधान मानू नका. ती झाकण लावून आणि कप्प्याशिवाय करा. परत येताना कॅबिनेट उभं धरू नका. बाजूवर आडवं ठेवा, बोर्ड खाली आणि कूलर वरच्या दिशेला येईल असं, आणि खाली जुनी गोधडी टाका. टॉवर कूलर जड असेल तर तो काढून वेगळा न्या. घरी पोचल्यावर प्लग लावण्याआधी झाकण उघडून चारही कोपरे हाताने हलवून बघा.